टेबलावरच्या लढाईसाठी घरी केलेला देखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी दुपारी आमच्या घरी टेबलावर छोट्या सैनिकांचा युद्धखेळ मांडला की पाहायला आलेली मंडळी सैनिकांपेक्षा त्यांच्या पायाखालच्या टेकड्यांकडे आधी वळतात, एखादे झाड उचलून उलटे करून पाहतात आणि मग दर वेळी तेच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती पुण्यात मिळणारे सामान, पुण्यातल्या सदनिका आणि पुण्याचा पावसाळा गृहीत धरून लिहिलेली आहेत.

दिवाळीचा किल्ला मला चांगला करता येतो. मग यात नवे काय शिकायचे?

दिवाळीचा किल्ला ज्याने मन लावून केला आहे त्याचे निम्मे शिक्षण झालेले असते, कारण डोंगराला उतार कोठे द्यावा, वाट कशी वळवावी आणि तटबंदी डोंगराच्या कडेने कशी चालवावी हे त्याच्या हाताला ठाऊक असते. फरक आहे तो उपयोगाचा. तो किल्ला अंगणात जागच्या जागी होतो, चार-पाच दिवस पाहिला जातो आणि मग मोडतो. त्यात सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच असले तरी कोणी हरकत घेत नाही. युद्धखेळात मात्र देखावा हा नियमांचाच एक भाग असतो, कारण सैनिक किती इंच पुढे गेला, त्याला समोरचा शत्रू दिसतो का, भिंतीचा आडोसा त्याला मिळतो का, हे सारे त्या देखाव्यावरच पट्टी आणि दोरी लावून ठरवले जाते.

त्यामुळे आम्ही प्रत्येक नव्या वस्तूला सुंदर दिसण्याआधी तीन गोष्टी विचारतो: सैनिक तिच्यावर न घसरता उभा राहतो का, खेळणाऱ्याची बोटे तेथवर पोचतात का, आणि ती कोठे सुरू होते व कोठे संपते हे दोन्ही बाजूंना एकसारखे दिसते का. तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण खेळातली बहुतेक भांडणे त्यावरूनच होतात. झाडीचा तुकडा पुठ्ठ्याच्या एका निश्चित आकाराच्या तळावर बसवलेला असेल तर ‘माझा सैनिक रानात आहे की बाहेर’ हा वाद उद्भवतच नाही.

प्रमाण कसे ठरवावे? २८ मिलिमीटर म्हणजे नेमके काय?

सैनिकांच्या खोक्यावर लिहिलेले २८ मिलिमीटर किंवा १५ मिलिमीटर हे साधारणपणे उभ्या माणसाच्या तळपायापासून डोळ्यांपर्यंतचे माप असते. २८ मिलिमीटरचा सैनिक ढोबळपणे १:५६ या प्रमाणात बसतो, १५ मिलिमीटरचा १:१०० च्या आसपास आणि ६ मिलिमीटरचा १:३०० च्या जवळ. कोथरूडच्या लघुरेल्वे संग्रहालयात जाऊन आलेले लोक रेल्वेची झाडे आणि घरे वापरता येतील का असे हमखास विचारतात. एच-ओ हे रेल्वेचे प्रचलित प्रमाण १:८७ आहे, म्हणजे त्यातले घर २८ मिलिमीटरच्या सैनिकाला खुजे पडते. झाडांचे मात्र तसे नाही. झाड कोणत्याही उंचीचे असू शकते, म्हणून ती खुशाल घ्यावीत.

येथे एक गोष्ट मनात पक्की करावी लागते. सैनिकाचे प्रमाण आणि जमिनीचे प्रमाण एक ठेवता येत नाही, आणि ठेवायचा हट्टही धरू नये. सिंहगड पायथ्यापासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. तो १:५६ प्रमाणात करायचा झाला तर तेरा मीटरांहून अधिक उंच होईल, म्हणजे चार मजली इमारतीएवढा. बंदुकीच्या पल्ल्याचे शंभर मीटरही याच प्रमाणात पावणेदोन मीटरांच्या वर जातात आणि टेबलाची रुंदी तेथेच संपते. म्हणून दारे, पायऱ्या, भिंतींची उंची ही सैनिकाच्या मापाने करावी आणि डोंगर, अंतरे, गावाचा पसारा हे सर्व आक्रसून घ्यावे. गाव म्हणजे तीन घरे, एक पार आणि एक विहीर. पाहणाऱ्याला तेवढे पुरते.

दारासाठी आम्ही उंची ४० आणि रुंदी २५ मिलिमीटर धरतो. प्रत्यक्षात ही उंची थोडी जास्त होते, पण सैनिक दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, उभा असतो आणि तो धरून पाहिले म्हणजे डोळ्याला ती बरोबर वाटते. तटावरची चालण्याची जागा बेसपेक्षा रुंद हवी. बेस २५ मिलिमीटरचा असेल तर ३० ते ३५ मिलिमीटर ठेवावी. पहिल्या किल्ल्यात मी ती २० ठेवली होती, दिसायला तट अगदी डौलदार झाला, आणि त्यावर एकही मावळा उभा राहीना.

टेबल केवढे लागते? घरात जागा नाही.

प्रचलित आकार सहा फूट बाय चार फूट आहे. चार फुटांहून अधिक रुंदी घेऊ नये, कारण दोन्ही बाजूंनी हात घातला तरी मधल्या पट्ट्यात बोटे पोचत नाहीत आणि वाकताना सदऱ्याच्या बाहीत अडकून अर्धी पलटण आडवी होते. जागा नसेल तर दोन फूट बाय दोन फुटांचे सहा चौकोन करावेत. ते जेवणाच्या टेबलावर किंवा पलंगावर प्लायवूड टाकून मांडता येतात आणि खेळ संपल्यावर उभे रचून कपाटामागे सरकवता येतात. नदी किंवा रस्ता चौकोनाच्या प्रत्येक बाजूच्या बरोबर मध्यावरच बाहेर काढला तर चौकोन कसेही फिरवून जोडता येतात आणि दर वेळी नवा प्रदेश मिळतो.

नवशिक्याने चौकोनांच्या भानगडीत लगेच पडू नये. मातकट रंगाचे जाड कापड टेबलावर अंथरावे, त्याच्याखाली दोन-चार पुस्तके सरकवून उंचवटे करावेत आणि खेळायला लागावे.

थर्माकोलवर बंदी आहे ना? मग वापरायचे काय?

महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलची ताटे-वाट्या आणि सजावटीचे थर्माकोल यांवर बंदी आली, आणि गणेशोत्सवाची मखरे करणाऱ्या पुण्यातल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. आम्ही नवे थर्माकोल विकत घेत नाही. दूरचित्रवाणी संच, फ्रिज, मिक्सर यांच्या खोक्यांतून जे थर्माकोल घरी येते आणि नाहीतर कचऱ्यातच जाते, ते आम्ही जपून ठेवतो. सोसायटीत कोणी नवा फ्रिज घेतला की आमच्या घरी त्याचा आनंद जरा जास्तच होतो.

याहून चांगला पर्याय एक्सपीएस या फोमच्या पत्र्यांचा आहे. हे पत्रे इमारतीत उष्णतारोधनासाठी वापरतात. थर्माकोल दाण्यांचा बनलेला असतो, कापताना ते दाणे सुटून घरभर उडतात, हा फोम मात्र एकसंध आणि घट्ट असतो. त्यावर साध्या बॉलपेनने दाबून रेघ ओढली तर दगडी बांधकामाचा सांधा हुबेहूब उठतो. बांधकामावर उरलेले तुकडे मिळाले तर फारच उत्तम. पन्हळी पुठ्ठा, सनबोर्ड (फोमचा हलका, कडक पत्रा) आणि आंब्याच्या लाकडी पेटीच्या फळ्या या तीन गोष्टींवरही पुष्कळ भागते.

कोणता गोंद आणि कोणता रंग चालतो? माझी टेकडी विरघळली.

ती स्प्रेच्या रंगाने विरघळली असणार. त्या डब्यांतले द्रावक थर्माकोल आणि फोम दोन्ही खातात. माझ्या दुसऱ्या वर्षी मी आठवडाभर खपून केलेला एक बुरूज गच्चीत नेला, हार्डवेअरच्या दुकानातल्या काळ्या स्प्रेने त्याच्यावर एक हात मारला आणि चहा घेऊन परत येईपर्यंत त्या बुरुजाची जाळीदार अनरशासारखी अवस्था झाली होती. दुकानदाराने ‘कशावरही चालतो’ असे सांगितले होते, आणि मीही डब्यावरची बारीक अक्षरे वाचली नव्हती.

थिनर, पेट्रोल, चपलांना लावतात तो रबरी गोंद आणि क्षणात चिकटणारा गोंद यांचाही हाच परिणाम कमी-अधिक प्रमाणात होतो. पाण्यात मिसळणारा पांढरा फेव्हिकॉल निर्धोक आहे. फोमचे दोन मोठे पत्रे एकमेकांवर चिकटवताना मात्र आत हवा पोचत नसल्यामुळे तो मधोमध दिवसेंदिवस ओला राहतो, म्हणून पातळ थर द्यावा, दातकोरण्या आरपार खुपसून पत्रे जागच्या जागी अडकवावेत आणि वर वजन ठेवून दोन-तीन दिवस विसरून जावे. घाई असेल तर ग्लूगन वापरावी, पण तिची कांडी फार तापलेली असेल तर तीही फोमला भोक पाडते.

फोमवर पहिला हात फेव्हिकॉल आणि काळा ॲक्रिलिक रंग सारख्या प्रमाणात कालवून द्यावा. यामुळे वर एक कडक कवच तयार होते, कडा सहज तुटत नाहीत, आणि हे कवच कोठेही उघडे राहिले नाही याची खात्री करून मग पुढचे काम करता येते. पुढच्या रंगांसाठी महागड्या बाटल्यांची गरज नाही. भिंतीचा पाण्यातला डिस्टेंपर किंवा इमल्शन आणि त्यात टाकायच्या स्टेनरच्या छोट्या बाटल्या एवढ्यावर सगळे टेबल रंगते. महाग रंग सैनिकांसाठी ठेवावेत.

कापण्यासाठी काय वापरावे?

पुढे सरकवून टोक मोडता येणाऱ्या पात्याचा कटर, लोखंडी पट्टी आणि खाली जुना पुठ्ठा. पाते बोथट झाले की फोम कापला न जाता फाटतो, म्हणून पाते मोडण्यात कंजुषी करू नये. मोठ्या तुकड्यांसाठी तापलेल्या नायक्रोम तारेचे कटर फार सोयीचे असते. तार लाल होता कामा नये, आणि धूर दिसू लागला तर ती गरजेपेक्षा जास्त तापली आहे असे समजावे. वितळणाऱ्या फोमची वाफ हुंगण्याची वस्तू नाही. हे काम खिडकी उघडून, शक्यतो गच्चीत करावे. फोम घासताना तोंडाला मास्क हवा आणि लहान मुलांच्या हाती कटर किंवा तार देऊ नये. रंग, भुसा आणि गवत ही कामे त्यांना आनंदाने द्यावीत, ती त्यांना आपल्यापेक्षा चांगली जमतात.

डोंगर खरा कसा वाटेल? माझा केकसारखा दिसतो.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे परदेशी चित्रफितींपेक्षा वेगळे आहे. त्या चित्रफितींत फोमचे पत्रे एकावर एक रचून मग त्यांच्या पायऱ्या पुट्टीने भरून काढतात, कारण त्या लोकांना गोल, गवताळ टेकड्या हव्या असतात. आपल्याला पायऱ्याच हव्या आहेत. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. हे थर बरेचसे आडवे आहेत. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून त्याचा उतार बनतो आणि त्यावर गवत माजते. राजगडाकडे किंवा तोरण्याकडे दुरून पाहिले तर काळा पट्टा, हिरवा पट्टा, पुन्हा काळा पट्टा असे दिसते ते यामुळेच. थोडक्यात, फोमचे पत्रे रचून डोंगर करण्याची पद्धत जणू आपल्या मुलुखासाठीच निघाली आहे, आणि तिचे सांधे बुजवण्याऐवजी ते नीट दाखवणे हेच आपले काम आहे.

म्हणून पत्र्याची कड सुरीने सरळ कापू नये. ती हाताने मोडावी. एक इंच जाडीचा तुकडा टेबलाच्या काठावर ठेवून बोटांनी थोडाथोडा तोडत गेले की ओबडधोबड कातळ आपोआप तयार होतो, आणि चुरगाळलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा गोळा त्यावर दाबून फिरवला म्हणजे उरलेली चकाकीही जाते. खालचा थर वरच्या थरापेक्षा सगळीकडे सारखाच बाहेर ठेवला तर केक होतो. एका बाजूला तीनही थरांच्या कडा एका रेषेत आणून सरळ कडा करावा, दुसऱ्या बाजूला त्याच थरांना चार-चार बोटांचे अंतर देऊन सोंड उतरवावी, आणि मधल्या एखाद्या थराला पुढे काढून त्याची माची करावी. उतार फार तिरका झाला की धातूचा सैनिक घरंगळतो. त्यामुळे जेथे सैनिक चढायचे आहेत तेथे प्रत्येक पायरीचा माथा सपाट आणि बेसपेक्षा रुंद ठेवावा, आणि जेथे चढायचे नाही तेथे कडा इतका उभा असावा की कोणी विचारूही नये. शेतांच्या ताली हा याचा आयता उपाय आहे: डोंगराच्या पायथ्याशी दोन-तीन ताली घातल्या की जागाही सपाट मिळते आणि दगडी बांधाचा आडोसाही मिळतो.

आंब्याच्या किंवा बाभळीच्या वाळलेल्या सालीचे तुकडे कड्याला लावल्यास फारच सुंदर दिसतात. फक्त साल आधी कडक उन्हात चार दिवस ठेवावी, नाहीतर तिच्यातले रहिवासी टेबलावर उतरतात.

कातळाला आणि जमिनीला रंग कोणता?

करडा नव्हे. काळ्यात बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून पहिला हात द्यावा. तो सुकल्यावर रुंद, जुन्या ब्रशावर थोडा मातकट राखाडी रंग घेऊन ब्रश रद्दीवर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि मग कातळावरून वरच्यावर फिरवावा, म्हणजे फक्त उंचवटे उजळतात आणि खाचा काळ्याच राहतात. त्यावर आणखी फिक्या रंगाचा हात अगदी माथ्यांवरच द्यावा. कोकणातली लढाई असेल तर जांभ्याचा तांबूस रंग घ्यावा लागतो, त्यावर हे काळे डोंगर विशोभित दिसतात.

जमिनीचा रंग ऋतू ठरवतो, आणि हे पुष्कळ जण विसरतात. श्रावणातला डोंगर हिरवागार असतो, भाद्रपद-अश्विनात त्यावर सोनकीचे पिवळे ठिपके येतात, मार्गशीर्षापासून गवत वाळून सोनेरी होत जाते आणि फाल्गुन-चैत्रात वणव्याचे काळे पट्टे दिसतात. मराठी फौजा दसऱ्यानंतर मोहिमेवर निघत. त्यामुळे पोपटी हिरवळीवर उभे असलेले घोडदळ मला नेहमी खटकते. माझे टेबल वाळलेल्या गवताचे आहे आणि कोणी त्याला उजाड म्हटले तरी मी ते बदललेले नाही.

गवत आणि झाडे घरी कशी करावीत?

गवतासाठी सुताराकडून लाकडाचा बारीक भुसा आणावा आणि जुन्या चाळणीने चाळून घ्यावा (स्वयंपाकघरातली चाळणी घेतल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी आमची नाही). पातळ केलेल्या इमल्शन रंगात तो कालवून, मुठीने पिळून, वर्तमानपत्रावर दोन दिवस उन्हात पसरावा. एकाच रंगाचा भुसा गालिच्यासारखा दिसतो. हिरवा, पिवळसर आणि तपकिरी असे तीन वेगळे करून ठेवावेत आणि टाकताना चिमटीने मिसळावेत. जमिनीवर फेव्हिकॉल पसरून आधी बारीक वाळू, ती वाळल्यावर रंग, आणि त्यानंतर ठिकठिकाणी भुसा असा क्रम ठेवावा. शेवटी एक भाग फेव्हिकॉल, चार भाग पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब असे मिश्रण फवाऱ्याने मारले म्हणजे सगळे पक्के बसते. साबणाच्या त्या थेंबाविना पाणी भुशावर मण्यांसारखे गोळा होऊन राहते.

रांगोळीची पांढरी पूड बारीक कचेसाठी छान चालते. उंच गवताला काथ्या, वेळूच्या बेटाला खराट्याचे हीर, झुडपांना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या लहान झुडपांसारख्या दिसतात. घरात त्या वापरण्याला कोणाची ना असेल तर आग्रह धरू नये.

मोठ्या झाडासाठी विजेच्या जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा घ्याव्यात. तीस-चाळीस तारांची जुडी मधोमध पिळली की खोड होते, खालच्या टोकांची मुळे पसरतात, वरच्या टोकांच्या तीन-तीन तारा पिळून फांद्या निघतात. खोडावर फेव्हिकॉल आणि पुट्टीचा लेप देऊन ते रंगवावे, आणि पानांसाठी जुना स्पंज बारीक कातरून, रंगात बुडवून, वाळवून फांद्यांवर चिकटवावा. वडाच्या पारंब्या जाड दोऱ्याच्या करता येतात. या एका वडाला माझी पूर्ण संध्याकाळ जाते, म्हणून टेबलावर वड एकच असतो आणि बाकी सगळी बाभळीची काटकुळी झाडे.

चहाचा चोथा पाचोळ्यासाठी सर्वत्र सुचवला जातो. तो सल्ला बिनदुधाचा चहा पिणाऱ्यांचा आहे. आपल्या चोथ्यात दूध आणि साखर असते. तो तीन-चार पाण्यांतून धुऊन खडखडीत वाळवला नाही तर काय होते हे आम्ही पाहिले आहे: सकाळी उठून पाहतो तो गनिमाच्या छावणीवर मुंग्यांची रांग लागलेली आणि दोन दिवसांनी पाचोळ्याला पांढरी बुरशी.

वाडा किंवा किल्ल्याचा दरवाजा कसा करावा?

वाड्याचे छप्पर सुटे ठेवावे, म्हणजे आत सैनिक ठेवता येतात. कौलांसाठी पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद ओल्या फडक्याने किंचित दमट करून अलगद सोलून काढावा, आतली पन्हळ ही नळीच्या कौलांची तयार ओळ असते. तिच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून खालून वर, एकीची कड दुसरीवर चढवत चिकटवाव्यात, आणि रंगवताना दर दहा-पंधरा कौलांमागे एकाला वेगळी छटा द्यावी. खोक्याची पन्हळ जितकी बारीक तितके बरे. झोपडीच्या शाकारणीला जुन्या केरसुणीचे तुकडे उत्तम, मात्र केरसुणी लक्ष्मी असल्याने ती कापण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलेले चांगले.

तटाची भिंत म्हटली की अनेक जण ती वरपासून खालपर्यंत काळ्या दगडाची करतात. पुण्यात बसून तसे करण्याचे कारण नाही. शनिवारवाड्याच्या तटाला खाली दगड आणि वर वीट आहे, आणि ती दुरंगी भिंत टेबलावर फार उठून दिसते. त्याच्या दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तींनी धडक देऊ नये म्हणून फूटभर लांबीचे अणकुचीदार खिळे आहेत. १:५६ मध्ये ते सुमारे पाच मिलिमीटरचे होतात. टाचण्यांची टोके तेवढी कापून सनबोर्डच्या दारात मागून बसवली की काम झाले. खेळताना बोटाला टोचतात, म्हणून आम्ही ती टोके कानशीने थोडी बोथट करतो.

गडाचा दरवाजा गोमुखी करावा. दोन बुरूज पुढे येऊन एकमेकांना जवळजवळ मिठी मारतात आणि दरवाजा त्यांच्या आड, वळणावर लपतो, अशी ही रचना रायगडाच्या महादरवाजात स्पष्ट दिसते. खेळातही तिचा अर्थ कळतो: हल्लेखोराला दरवाजा लांबून दिसत नाही, तोफ सरळ लागू पडत नाही, आणि वळणात शिरलेल्या तुकडीवर दोन्ही बुरुजांवरून मारा होतो. नियमपुस्तकात यासाठी एकही वेगळा नियम नसतो. आकार बरोबर केला की नुसत्या दृष्टिरेषेनेच तो परिणाम होतो.

एखादी खरी लढाई मांडायची असल्यास काय करावे?

आधी त्या लढाईत जमिनीने काय केले हे शोधावे आणि तेवढेच करावे. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई गणेशखिंडीच्या परिसरात झाली आणि दुसरे बाजीराव पेशवे ती पर्वतीवरून पाहत होते. त्या दिवशी मराठी घोडदळाची धडक कंपनीच्या रांगेपुढच्या दलदलीत अडखळली. म्हणजे टेबलावर पर्वती नसली तरी चालेल, पण ती दलदल हवीच, आणि तीही अशी की घोडदळ चालवणाऱ्याला ती लांबून सहज जाणवू नये. आम्ही ती टेकडीसारखी उठावदार न करता कापडाच्याच रंगाचा, कडेला थोडा काथ्या लावलेला एक सपाट तुकडा म्हणून केली. याउलट १७६१ च्या पानिपतासाठी टेकड्या करत बसू नये. तेथे सपाट मैदान आणि छावणीभोवतीचा खंदक एवढेच लागते.

नदीचे पाणी कसे दाखवावे?

तळ आधी रंगवावा: मध्ये गडद हिरवट तपकिरी, काठाकडे फिका. निळा रंग टाळावा, पावसाळ्यातली मुठा आठवावी. त्यावर चकचकीत पारदर्शक व्हार्निशचे चार-पाच पातळ हात पुरतात. रेझिन ओतायचे असेल तर एका वेळी तीन-चार मिलिमीटरच ओतावे, कारण घट्ट होताना ते तापते आणि जाड थर खालच्या फोमला इजा करतो. गुंडाळून ठेवता येणारी नदी किंवा रस्ता हवा असेल तर जाड कापडावर ॲक्रिलिक सीलंट (फटी बुजवायचा लगदा), वाळू आणि रंग कालवून पसरावे. सिलिकोनचे सीलंट यासाठी आणू नये, त्यावर रंग धरत नाही.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

जून ते सप्टेंबर मोठे काम काढू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. फेव्हिकॉल वाळत नाही, पीओपी दमट राहते, आणि एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) कडा पाणी पिऊन फुगतात. करायचेच असेल तर एमडीएफच्या पाटीला दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांना रंग द्यावा. फक्त वरच्या बाजूला गोंद आणि रंग लावलेली पाटी वाळताना हमखास पत्रावळीसारखी वळते, आणि एकदा वळलेली पाटी वजनाखाली ठेवूनही पूर्ण सरळ होत नाही. हे महिने सैनिक रंगवण्यात घालवावेत.

सामान पुण्यात कोठे मिळेल?

गोंद, कटर, सनबोर्ड आणि ॲक्रिलिक रंग अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळतात. पॅकिंगचे साहित्य, काथ्या, दोर आणि हार्डवेअर यांसाठी रविवार पेठ आणि बोहरी आळी. नायक्रोमची तार आणि तिला लागणारा ॲडॉप्टर तपकीर गल्लीत विचारावा. बांबूच्या कामट्या बुरुड आळीत, लाकडाचा भुसा आणि प्लायवूडचे तुकडे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात. तुळशीबागेत भातुकलीची भांडी पाहावीत, त्यांतले काही घडे आणि जाती आमच्या गावांत जाऊन बसली आहेत. जुन्या बाजारात काय मिळेल हे सांगता येत नाही, आणि तेथे जाण्याचे कारणही तेच आहे.

त्रिमितीय छपाई असताना हे सारे हाताने कशाला?

तोफा, गाड्यांची चाके, कोरीव खांब यांसाठी छपाई जरूर वापरावी. डोंगर छापण्यात मात्र वेळ आणि पैसा दोन्ही जातो. पीएलए या प्लास्टिकचे छापील भाग सुमारे ६० अंशांना मऊ पडतात, तेव्हा एप्रिलमध्ये ते बंद मोटारीत ठेवून कोणाकडे खेळायला जाऊ नये.

ठेवायचे कोठे, आणि मोडले तर?

करण्याआधीच पलंगाच्या खणाची उंची मोजावी आणि त्याहून उंच काही करायचे झाल्यास ते दोन सुट्या भागांत करावे. आमचा मोठा कडा खणाच्या मापाहून दोन बोटे उंच झाल्यामुळे गेली तीन वर्षे पुस्तकांच्या कपाटावर आहे आणि पाहुणे त्याला शोभेची वस्तू समजतात. झाडे तळापासून सुटी होतील अशी खिळ्यावर बसवावीत, कारण वाहून नेताना पहिली तीच मोडतात.

मोडलेले त्याच दिवशी दुरुस्त करावे. त्यासाठी एका डबीत थोडा फेव्हिकॉल, काळा-तपकिरी मिश्र रंग, चिमूटभर तिन्ही भुसे आणि एक जुना ब्रश खेळाच्या टेबलाशीच ठेवलेला असतो. कड्याचा टवका उडाला तर पांढरा फोम दिसेनासा होईपर्यंत रंगाचा एक ठिपका, आणि टवका मोठा असेल तर त्यावर थोडा भुसा. माझ्या सर्वांत जुन्या टेकडीवर आता असे इतके ठिपके आहेत की मूळ रंग कोणता होता हे शोधावे लागते.